घटक ४ : सोडून दिलेले शेत आणि वाहून गेलेली माती – मोजमाप व त्याची भाषा

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• डोंगरउतारावरील शेती सोडून दिल्यानंतर जमिनीत कोणकोणते बदल होतात, हे सांगता येईल.
• मातीची धूप मोजण्याच्या प्रमुख पद्धती व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करता येतील.
• 'पड', 'पडीक', 'धूप', 'माती', 'गाळ' या परिचित शब्दांचा शास्त्रीय लेखनात नेमका वापर करता येईल.
• आकडा असलेले शास्त्रीय विधान तपासता येईल आणि तसे विधान स्वतः लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, पुढील दोन विधाने लक्षपूर्वक वाचा.

(अ) डोंगरउतारावरील शेती सोडून दिली की जमिनीची धूप वाढते.
(आ) डोंगरउतारावरील शेती सोडून दिली की जमिनीची धूप कमी होते.

ही विधाने परस्परविरोधी आहेत. एक खरे असेल तर दुसरे खोटे असले पाहिजे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात दोन्ही विधानांच्या मागे अभ्यासकांनी वर्षानुवर्षे केलेली मोजणी आहे आणि दोन्ही मोजण्या प्रामाणिक आहेत. असे असूनही विधाने एकमेकांना छेद का देतात? याचे उत्तर काही अंशी मातीत आहे, काही अंशी मोजण्याच्या साधनात आहे आणि बऱ्याच अंशी भाषेत आहे.

शास्त्रीय गद्य वाचताना मराठीचा विद्यार्थी पुष्कळदा आकड्यापाशी थांबतो. आकडा हा शास्त्राचा प्रांत, आपला प्रांत शब्दांचा, अशी त्याची समजूत असते. या घटकात आपण ती समजूत तपासणार आहोत. आकडा कधीही एकटा येत नाही. तो वाक्यात येतो, त्याला कर्ता असतो, काळ असतो, स्थळ असते आणि एकक असते. यांपैकी एक जरी गळले तरी आकडा बरोबर असूनही विधान चुकीचे ठरते. आणि अशा विधानांवर विसंबून जंगल लावायचे की चराई चालू ठेवायची, बांध दुरुस्त करायचे की सोडून द्यायचे, असे निर्णय घेतले जातात. त्यांचे परिणाम डोंगरातील गावांना आणि खालच्या धरणांना भोगावे लागतात.

उदाहरणादाखल आपण स्पेनच्या उत्तर सीमेवरील पिरेनीज पर्वताचा मध्यभाग घेतला आहे. सोडून दिलेल्या डोंगरी शेतीतील धूप ज्या थोड्या प्रदेशांत दीर्घकाळ व अनेक पद्धतींनी मोजली गेली, त्यांपैकी हा एक आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ शेत का सुटले?

मध्य पिरेनीजमध्ये समुद्रसपाटीपासून १६०० मीटरपर्यंतच्या भूमीपैकी सुमारे २८ टक्के भूमी एके काळी लागवडीखाली होती. दऱ्यांच्या तळाशी सपाट शेते होती. पण लोकसंख्या वाढली तशी लागवड उभ्या उतारांवर चढत गेली. झुडपे तोडावीत, जाळावीत, राख मातीत मिसळावी, काही वर्षे धान्य घ्यावे आणि कस उतरला की दुसरा तुकडा धरावा, अशी फिरती शेतीही तेथे चाले.

विसाव्या शतकात, विशेषतः त्याच्या मध्यानंतर, हे चित्र पालटले. तरुण माणसे सारागोसा, बार्सिलोना यांसारख्या शहरांतील कारखान्यांकडे गेली. उभ्या उतारावर यंत्र चालेना आणि हाताने कसायला माणसे उरली नाहीत. उतारावरची बहुतेक शेते सुटली. दऱ्यांतील सपाट शेते कुरणे म्हणून टिकली. सुटलेल्या शेतांत आधी गवत आले. मग पिवळ्या फुलांचे काटेरी जेनिस्टा, बॉक्सवूड, रानगुलाब अशी झुडपे वाढली आणि काही ठिकाणी पाइन वृक्षांचे रान उभे राहिले. काही उतारांवर सरकारी वनखात्याने वृक्षलागवड केली.

या बदलाचा संबंध खालच्या प्रदेशाशीही आहे. आरागोन नदीवर येसा येथे १९५९ मध्ये पूर्ण झालेले धरण आहे आणि त्याच्या पाण्यावर खालच्या कोरड्या मैदानातील शेती भिजते. डोंगरातून किती पाणी येईल आणि त्याबरोबर किती गाळ येईल, हा प्रश्न मैदानातील शेतकऱ्याच्या पोटाचा आहे. म्हणूनच मोजणीची गरज निर्माण झाली.

४.२.२ 'पड' हा शब्द एक, अवस्था अनेक

मोजणीकडे वळण्यापूर्वी जे मोजायचे त्याचे नाव निश्चित करावे लागते. 'सोडून दिलेली शेतजमीन' याला आपण मराठीत काय म्हणतो? बहुधा 'पड' किंवा 'पडीक'. सात-बाराच्या उताऱ्यात 'पड' ही नोंद तुम्ही पाहिली असेल. कृषी आकडेवारीत 'चालू पड' आणि 'इतर पड' असा भेद केला जातो. बोलीत मात्र हे भेद विरघळून जातात.

आता पिरेनीजमधील पुढील चार तुकड्यांची कल्पना करा.

१) नांगरून ठेवलेले, पण त्या वर्षी काहीही न पेरलेले मोकळे शेत. पुढील वर्षी येथे धान्य येणार आहे.
२) दोन वर्षांपूर्वी सोडलेले, अजून विरळ गवत असलेले शेत.
३) तीस वर्षांपूर्वी सोडलेले, दाट झुडपांनी झाकलेले शेत.
४) तीस वर्षांपूर्वी सोडलेले, पण चराईसाठी अधूनमधून जाळले जाणारे शेत.

बोलताना या चारही तुकड्यांना आपण 'पड' म्हणू शकतो. मातीच्या दृष्टीने पाहिले तर पहिला आणि तिसरा ही दोन टोके आहेत. पहिल्यात माती उघडी आहे आणि नांगरामुळे सैल झाली आहे. पावसाचा थेंब थेट तिच्यावर आदळतो. तिसऱ्यात थेंब आधी पानावर, मग पाल्यावर पडतो. मुळांनी माती धरलेली असते आणि पाणी जिरायला वाट असते. एकाच शब्दाने सर्वाधिक धूप आणि सर्वांत कमी धूप यांचा निर्देश होत असेल, तर त्या शब्दावर आधारलेले कोणतेही सामान्य विधान डळमळीतच राहणार.

व्याकरणाचा एक बारकावाही ध्यानात घ्या. 'जमीन पडीक पडली' आणि 'जमीन पडीक टाकली' या वाक्यांत एका क्रियापदाचा फरक आहे. पहिल्यात कोणी कर्ता नाही. जणू जमीन आपोआप तशी झाली. दुसऱ्यात कर्ता आहे, निर्णय आहे आणि म्हणून निर्णयाचे वर्षही आहे. धूप मोजणाऱ्याला हे वर्ष अत्यंत मोलाचे असते. कारण 'सोडल्याला किती वर्षे झाली?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. 'धुपणे' हे क्रियापदही अकर्मक आहे. 'बांध धुपला' असे आपण म्हणतो, कोणी धुपवला हे सांगत नाही. बोलण्यात हे चालते. अहवालात मात्र पाऊस, नांगर, गुरे, आग यांपैकी कारण कोणते, हे वेगळे लिहावे लागते.

४.२.३ धूप मोजण्याच्या पद्धती

मराठी मृदसंधारण-लेखनात धुपीचे प्रकार सांगणारे सुंदर सामासिक शब्द रूढ आहेत : सालकाढी धूप, ओघळपाडी धूप आणि घळपाडी धूप. साल काढल्याप्रमाणे पातळ थर निघून जातो ती सालकाढी. पाण्याने बारीक ओघळ पाडले की ओघळपाडी. ते रुंद व खोल होऊन घळ झाली की घळपाडी. ही नावे केवळ वर्णन करत नाहीत, तर कोणते साधन कोठे चालेल हेही सुचवतात. आता पद्धती पाहू.

(क) खुंट्यांची पद्धत : लोखंडी सळई जमिनीत ठोकून तिचे डोके किती वर राहिले, हे ठरावीक काळाने मोजतात. डोके अधिक उघडे पडले तर माती गेली. झाकले गेले तर माती साचली. पद्धत स्वस्त आहे. परंतु थंड पर्वतात माती गोठून फुगते व सळईला वर ढकलते. गुरे अडखळून ती हलवतात. पातळ सालकाढी धूप मोजण्यास ही पद्धत अपुरी पडते. वेगाने झिजणाऱ्या उघड्या उतारांवर ती उपयोगी ठरते.

(ख) प्रयोगवाफे : उताराचा ठरावीक आकाराचा तुकडा चहूबाजूंनी पत्र्याने बंदिस्त करतात. खालच्या कडेला पन्हळ व टाकी बसवतात. प्रत्येक पावसानंतर टाकीतील पाणी मोजून, त्यातील माती वाळवून तोलतात. आरागोन प्रांतातील आयसा खोऱ्यात, सुमारे ११४० मीटर उंचीवर, पिरेनियन परिसरविज्ञान संस्थेने १९९१ मध्ये असे केंद्र सुरू केले. होसे मारिया गार्सिया-रुइस, तेओदोरो लासांता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे १० मीटर लांब व ३ मीटर रुंद वाफे आखले. एका वाफ्यात दाट झुडपे, एकात नांगरलेली मोकळी जमीन, एकात धान्य, एकात फिरती शेती, एकात कुरण, एकात सोडलेले शेत, एकात जाळलेली झुडपे, अशी रचना होती. उतार एकच, पाऊस एकच. वेगळा होता तो केवळ जमिनीचा वापर. निष्कर्ष स्पष्ट निघाला. नांगरून मोकळी ठेवलेली जमीन आणि फिरती शेती यांतून माती सर्वाधिक गेली; दाट झुडपे आणि कुरण यांतून सर्वांत कमी. म्हणजे वर सांगितलेल्या चार 'पडी'ंपैकी पहिली आणि तिसरी यांची टोके येथे प्रत्यक्ष मोजून दाखवली गेली.

(ग) कृत्रिम पाऊस : ठरावीक उंचीवरून, ठरावीक जोराने, लहानशा चौकोनावर पाणी शिंपडतात आणि काही मिनिटांत किती पाणी व माती वाहते ते पाहतात. यामुळे पावसाची वाट पाहावी लागत नाही आणि अनेक जागांची तुलना करता येते. परंतु हा आकडा त्या चौकोनाचा व त्या काही मिनिटांचा असतो. त्यावरून 'वर्षाला हेक्टरी इतके टन' असे लिहिणे योग्य नाही.

(घ) सीझियम-१३७ : हे किरणोत्सारी समस्थानिक निसर्गात नव्हते. अणुबाँबच्या वातावरणातील चाचण्यांमुळे ते १९५० च्या दशकापासून पावसाबरोबर जमिनीवर उतरले. १९६३ च्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे. ते मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटते. म्हणून कधीही न हललेल्या जवळच्या जमिनीत ते किती आहे आणि शेतात किती उरले आहे, यांच्या तुलनेतून किती माती गेली हे काढता येते. युरोपच्या काही भागांत १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेमुळे त्यात भर पडली, तीही हिशेबात धरावी लागते. येथे एक धोका आहे. हा आकडा साऱ्या दशकांची सरासरी देतो. शेत १९७० मध्ये सुटले असेल, तर आधीच्या नांगरटीच्या वर्षांतील धूप आणि नंतरच्या शांत वर्षांतील धूप एकाच सरासरीत मिसळतात. 'सोडलेल्या शेतातील धूप' म्हणून तो आकडा छापला, तर नांगराचा दोष झुडपांच्या माथी मारला जातो.

(ङ) पाणलोट क्षेत्राची मोजणी : लहान ओढ्याच्या मुखाशी छोटा बंधारा बांधून पाण्याची पातळी, गढूळपणा व तळाने सरकणारी वाळू-खडी मोजतात. मध्य पिरेनीजमध्ये असे तीन शेजारी ओढे निवडण्यात आले. अर्नास (२.८४ चौरस किलोमीटर) हे पूर्वी कसलेले व पुढे सोडलेले, सान साल्वादोर (०.९२ चौरस किलोमीटर) हे जंगलाचे, आणि अराग्वास (०.४५ चौरस किलोमीटर) हे अंशतः उत्खातभूमीचे, म्हणजे उघड्या, घळींनी चिरलेल्या मृदू खडकाचे. अराग्वासमधून इतर दोहोंपेक्षा कितीतरी पट गाळ येतो. अर्नासमध्ये अभ्यासकांना दिसले की गाळ साऱ्या उतारांवरून येत नाही. तो मुख्यतः ओढ्यालगतच्या थोड्या उघड्या जागांतून येतो. उरलेला उतार झुडपांनी धरून ठेवलेला असतो.

(च) समीकरण : अमेरिकेत विशमायर व स्मिथ यांनी १९६५ मध्ये मांडलेले आणि १९७८ मध्ये सुधारलेले मृदाहानीचे समीकरण जगभर वापरले जाते. पावसाचा जोर, मातीचा धुपण्याचा कल, उताराची लांबी व तीव्रता, पीक-आच्छादन आणि संधारणाचे उपाय यांचा ते गुणाकार करते. २२.१ मीटर लांब व ९ टक्के उताराचा वाफा हे त्याचे प्रमाण आहे. लक्षात घ्या, हा अंदाज आहे, मोजणी नाही. घळी, दरडी आणि कोसळलेले बांध या समीकरणात येतच नाहीत. 'मोजले' आणि 'अंदाजले' ही दोन क्रियापदे अहवालात एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

४.२.४ आकड्याचे रूपांतर

पुढील कल्पित उदाहरण वहीत सोडवून पाहा. १० × ३ मीटरच्या वाफ्यातून एका वर्षात ३ किलो कोरडी माती गेली. वाफ्याचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला ०.१ किलो. एका हेक्टरमध्ये १०,००० चौरस मीटर असतात. म्हणून हेक्टरी १,००० किलो, अर्थात १ टन.

आता जाडी पाहू. एका हेक्टरवर १ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे १० घनमीटर माती. एका घनमीटर मातीचे वजन १.३ टन धरले, तर तो थर १३ टनांचा होतो. म्हणजे हेक्टरी १ टन धूप ही मिलिमीटरचा तेरावा भाग आहे. डोळ्याला ती दिसणार नाही. उलट, खुंटी वाचताना एका मिलिमीटरची चूक झाली तर हेक्टरी १३ टनांची चूक होते! खुंट्यांची पद्धत सालकाढी धुपीला अपुरी का, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

३० चौरस मीटर म्हणजे सात-बारावरील एका 'आर'चा तिसरा हिस्साही नाही. एवढ्या तुकड्याचा आकडा हेक्टरच्या भाषेत लिहिला की तो मोठ्या भूमीचा वाटू लागतो. एकक बदलले, पण प्रत्यक्ष मोजलेली जागा बदलली नाही, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

४.२.५ माती आणि गाळ

मराठीने येथे आपल्याला एक देणगी दिली आहे. शेतातून जाते ती 'माती' आणि धरणात येतो तो 'गाळ'. पदार्थ एकच, पण शब्द दोन. आणि आकडेही दोन. उतारावरून निघालेली सगळी माती ओढ्यापर्यंत पोहोचत नाही. काही बांधाशी अडते, काही झुडपाच्या बुंध्याशी थांबते, काही उताराच्या पायथ्याशी पसरते. म्हणून वाफ्यात मोजलेली माती क्षेत्रफळाने गुणून धरणातील गाळाचा आकडा काढता येत नाही. उलटही खरे आहे. वाफ्यात घळ मावत नाही, दरड मावत नाही, ओढ्याचा काठ मावत नाही. पण पाणलोटातील गाळात यांचा वाटा मोठा असू शकतो. वाफ्याचा आकडा आणि बंधाऱ्याचा आकडा जुळला नाही, म्हणजे कोणीतरी चुकले असे नाही. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या.

काळाचेही तसेच आहे. डोंगरात वर्षभरातील बराचसा गाळ मोजक्या मोठ्या पावसांत वाहतो. तीन वर्षे मोजणी झाली आणि त्या तीन वर्षांत असा पाऊस आलाच नाही, तर 'धूप नगण्य आहे' हा निष्कर्ष त्या तीन वर्षांपुरताच खरा.

४.२.६ दगडी बांधांचे वेगळे प्रकरण

आतापर्यंतच्या विवेचनावरून विधान (आ) खरे ठरले, असे तुम्हांला वाटेल. आता दुसरी बाजू पाहू. भूमध्य सागराभोवतीच्या अनेक डोंगरांवर शेती साध्या उतारावर होत नव्हती. ती तालींवर, म्हणजे पायऱ्यांवर होत होती. स्पेनमधील रिओहा प्रदेशाच्या कामेरो व्हिएहो भागात किंवा इटलीच्या चिंक्वे तेर्रे किनाऱ्यावर अशा ताली दिसतात. प्रत्येक पायरीला चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडांचा आधार असतो. कोकणात अशा रचनेला आपण 'गडगा' म्हणतो. २०१८ मध्ये युनेस्कोने युरोपातील आठ देशांच्या या कोरड्या दगडी रचनेच्या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. स्पेन व इटली त्यांत आहेत.

गडगा टिकतो तो दरवर्षी निसटलेला दगड परत बसवणाऱ्या हातामुळे. तो हात गेला की निचऱ्याच्या वाटा बुजतात, मागची माती पाण्याने फुगते, भिंत पोट काढते आणि एका पावसात ढासळते. शेळ्यामेंढ्या त्या खिंडीतूनच ये-जा करतात आणि खिंड रुंदावते. पिढ्यान्पिढ्या साठवलेली माती तेथून निघून जाते. चिंक्वे तेर्रेतील व्हेर्नात्सा गावावर २५ ऑक्टोबर २०११ रोजी अतिवृष्टी झाली, तेव्हा भोवतालच्या उतारांवर शेकडो उथळ दरडी सुटल्या. थोड्या काळापूर्वी सोडलेल्या ताली विशेष दुर्बल ठरल्याचे नंतरच्या अभ्यासांत आढळले.

याखेरीज हवामानाचा भेद आहे. मध्य पिरेनीजमध्ये पाऊस पुरेसा असल्याने झुडपे लवकर जमीन झाकतात. स्पेनच्या कोरड्या आग्नेय भागात, उदाहरणार्थ मुर्सिया प्रांतात, झाडोरा फार सावकाश येतो. तोवर उघड्या मातीवर कडक पापुद्रा धरतो, पाणी जिरत नाही आणि धूप चालूच राहते. तेथे सुरुवातीच्या वर्षांपुरते विधान (अ) खरे ठरू शकते.

येथे 'चांगले' आणि 'वाईट' हे शब्दही जपून वापरावे लागतात. पिरेनीजमध्ये रान वाढले तशी माती थांबली. पण झाडोरा पाणीही पितो आणि नद्यांतील पाणी घटण्यामागे ते एक कारण असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. सलग झुडपांमुळे वणवाही दूरवर पसरतो. म्हणूनच काही झुडपी पट्टे साफ करून तेथे पुन्हा कुरण करावे का, याची चर्चा तेथे गांभीर्याने होते. कुरणाच्या वाफ्यातून माती कमी गेली होती, हे तुम्ही वर वाचलेच आहे.

४.२.७ विधान कसे तपासावे, कसे लिहावे?

धुपीविषयीचा कोणताही आकडा वाचताना पुढील सहा प्रश्न विचारा.

१) कोठे? (उतार, उंची, खडक, पाऊस)
२) कशावर? (नांगरलेली पड, विरळ गवत, दाट झुडपे, ढासळलेली ताल)
३) सोडून किती वर्षे झाली?
४) किती जागेवर? (चौकोन, वाफा, पाणलोट क्षेत्र)
५) किती काळ? (मिनिटे, वर्षे, दशके)
६) मोजले की अंदाजले? कोणत्या साधनाने?

आता प्रास्ताविकातील विधाने नव्याने लिहून पाहू.

(अ) "कोरड्या हवामानात, किंवा दगडी बांधांची देखभाल थांबलेल्या तालींवर, शेती सोडल्यानंतरच्या वर्षांत धूप व दरडी वाढू शकतात."
(आ) "पुरेसा पाऊस असलेल्या मध्य पिरेनीजमध्ये, साध्या उतारावरील सोडलेल्या शेतात दाट झुडपे आल्यावर, प्रयोगवाफ्यांतील धूप नांगरलेल्या मोकळ्या जमिनीपेक्षा पुष्कळ कमी आढळते."

विरोध नाहीसा झाला आहे. वाक्ये लांबली, पण ती आता विश्वासार्ह आहेत. शास्त्रीय गद्यात विशेषणे व क्रियाविशेषणे अलंकार म्हणून येत नाहीत. ती विधानाची हद्द आखतात. शेताला बांध असतो, तसा विधानालाही असावा लागतो.

पिरेनीजचे आकडे जसेच्या तसे सह्याद्रीला लावू नयेत, हेही याच नियमाने ठरते. आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. खडक बेसाल्ट किंवा जांभा आहे. गडग्याची उंची व मातीचा पोत निराळा आहे. उचलता येईल ती प्रश्न विचारण्याची रीत; उत्तर येथेच मोजून मिळवावे लागेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. आयसा खोऱ्यातील प्रयोगवाफ्यांचे केंद्र ........ मध्ये सुरू झाले.
२. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ........ वर्षे आहे.
३. पाण्याने साल काढल्याप्रमाणे मातीचा पातळ थर जाणे, याला ........ धूप म्हणतात.

(आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. वाफ्यातील आकड्यावरून धरणातील गाळ का काढता येत नाही?
२. मृदाहानीच्या समीकरणात कोणत्या गोष्टी येत नाहीत?

(इ) ३० चौरस मीटरच्या वाफ्यातून वर्षात ६ किलो माती गेली, तर हेक्टरी धूप किती?

४.३ सारांश

डोंगरउतारावरील शेती सोडून दिल्याचा मातीवर होणारा परिणाम एकच एक नसतो. झाडोरा लवकर आला तर धूप घटते. बांध ढासळले, आग लागली किंवा हवामान कोरडे असले तर ती वाढू शकते. खुंट्या, प्रयोगवाफे, कृत्रिम पाऊस, सीझियम-१३७ आणि पाणलोट मोजणी या पद्धती वेगवेगळ्या जागेचे व काळाचे उत्तर देतात. समीकरण अंदाज देते. 'पड' हा शब्द अनेक अवस्थांना झाकतो, तर 'माती' व 'गाळ' हे शब्द एक महत्त्वाचा भेद जपतात. म्हणून स्थळ, अवस्था, वय, क्षेत्र, काळ आणि साधन सांगितल्याशिवाय धुपीचा आकडा लिहू नये व मानू नये.

४.४ पारिभाषिक शब्द

अपधाव – जमिनीत न जिरता पृष्ठभागावरून वाहणारे पाणी.
आच्छादन – जमिनीला झाकणारी वनस्पती किंवा पालापाचोळा.
उत्खातभूमी – घळींनी चिरलेला, झाडोरा नसलेला मृदू खडकाचा प्रदेश.
ताल – उतारावर दगडी बांध घालून केलेली पायरी.
पाणलोट क्षेत्र – ज्या भूभागाचे पाणी एका ओढ्याला किंवा नदीला मिळते तो भूभाग.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) १. १९९१, २. ३०; ३. सालकाढी.
(आ) १. उतारावरून निघालेल्या मातीपैकी काही वाटेत अडते आणि धरणातील गाळात वाफ्यात न मावणाऱ्या घळी, दरडी व काठ यांचाही वाटा असतो. २. घळी, दरडी आणि कोसळलेले बांध.
(इ) ६ ÷ ३० = दर चौरस मीटरला ०.२ किलो, म्हणजे हेक्टरी २ टन.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'पड' या शब्दाने सूचित होणाऱ्या चार अवस्था सांगून, धुपीच्या दृष्टीने त्यांची तुलना करा.
२. सीझियम-१३७ पद्धतीचा आकडा सोडलेल्या शेताबाबत वापरताना कोणती दक्षता घ्यावी?
३. पुढील वाक्यातील उणिवा दाखवा आणि ते आवश्यक तपशील कल्पून नव्याने लिहा : "डोंगरातील पडीक जमिनीची दरवर्षी प्रचंड धूप होते."

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील कसणे सोडलेले एक शेत निवडा. मालकाची परवानगी घ्या. शेत कोणत्या वर्षी सोडले, का सोडले, हे कसणाऱ्या कुटुंबातील वडीलधाऱ्यांना विचारा. ओघळ, ढासळलेले बांध, उघडी पडलेली झाडांची मुळे आणि बांधाशी साचलेली माती यांची नोंद करा. या गोष्टींसाठी ते कुटुंब कोणते शब्द वापरते, ते जसेच्या तसे टिपा. त्यांना पुस्तकी प्रतिशब्द देण्याची घाई करू नका. त्यांच्या शब्दांत एखादा असा भेद असू शकेल, जो परिभाषेने अजून नोंदवलेला नाही. त्यानंतर वरील सहा प्रश्नांच्या आधारे ३०० शब्दांचा अहवाल लिहा. ज्याचे मोजमाप केले नाही, त्याला आकडा देऊ नका.